मागे वळून बघणारं नाक

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर लांब पल्ल्याच्या गाड्या सुटतात त्या फलाटांवर कधीकधी एक जोडी दिसते. खाकीतला एक माणूस आणि दोरीला एक लॅब्रॅडॉर. कुत्रा बाकाखाली नाक घालतो, पार्सलांच्या ढिगाला वळसा घालतो, कुणाच्या तरी लोखंडी ट्रंकेपाशी जरा रेंगाळतो आणि पुढे जातो. गाडी उशिरा होती म्हणून मी एकदा अर्धा तास तिथेच बसून होतो. सगळा फलाट कुत्र्याकडे बघत होता. कुत्रा मात्र मधूनच मान वळवून वर बघत होता. सामानाकडे नाही, माणसांकडे नाही, फक्त आपल्या हँडलरच्या तोंडाकडे. अर्धा सेकंद, की पुन्हा नाक जमिनीला.

तेव्हा मला ते लाघव वाटलं. नंतर या विषयावर जसजसं वाचत गेलो तसतसं कळलं, की कुत्र्याच्या सगळ्या नोकरीचं मर्म त्या अर्ध्या सेकंदात आहे. त्याचा धोकाही तिथेच आहे.

बुडापेस्टच्या संशोधकांनी २००३ साली एक साधा प्रयोग केला होता. माणसांच्या हाती वाढलेले लांडगे घेतले आणि घरचे कुत्रे घेतले. दोघांनाही डब्याचं झाकण उघडून किंवा दोरी ओढून मांस मिळवायला शिकवलं. दोघंही शिकले. मग एके दिवशी झाकण पक्कं बंद केलं, दोरी आतून बांधून टाकली. लांडगे झटत राहिले. कुत्र्यांनी थोडी खटपट केली आणि मागे वळून माणसाच्या चेहऱ्याकडे बघितलं. माणसाने वाढवलेला लांडगाही जे सहसा करत नाही, ते कुत्रा अडलं की लगेच करतो. निदान पंधरा हजार वर्षं आपल्या उष्ट्यावर, आपल्या उंबऱ्याशी राहून त्याने ही एक गोष्ट अंगी बाणवली आहे. अडचण आली की उत्तर माणसाच्या तोंडावर शोधायचं. भुवया आतून वर उचलणारा एक स्नायूसुद्धा कुत्र्याकडे ठसठशीत आहे आणि लांडग्याकडे जवळपास नाहीच, असं २०१९ मध्ये शरीररचनेच्या अभ्यासातून दिसलं. म्हणजे त्या बघण्याला उत्तर मिळावं अशी सोयही त्याच्या चेहऱ्यातच झाली आहे.

अशा प्राण्याला आपण नोकरीला ठेवलं. त्याला सांगितलं, की आता माझ्याकडे बघू नकोस, फक्त वास घे.

मुंबईकरांना या नोकरीची खरी ओळख झाली ती झंजीरमुळे. १९७३ च्या सिनेमावरून नाव पडलेला हा सोनेरी लॅब्रॅडॉर पुण्याच्या शिवाजीनगरला तयार झाला आणि १९९२ च्या अखेरीस मुंबई पोलिसांच्या बॉम्ब शोधक व नाशक पथकात दाखल झाला. तीनच महिन्यांत, १२ मार्च १९९३ ला, शहर स्फोटांनी हादरलं. त्यानंतरच्या दिवसांत त्याने जे हुडकून काढलं त्याचे आकडे आजही वाचताना अंगावर काटा येतो. ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब आणि ६,४०६ काडतुसं. नोव्हेंबर २००० मध्ये हाडांच्या कर्करोगाने तो गेला आणि पोलिसांनी त्याला सन्मानाने निरोप दिला.

हे आकडे आपण नाकाच्या नावावर जमा करतो, आणि ते योग्यच आहे. पण झंजीरला आरडीएक्स म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. कोणत्याच कुत्र्याला ते ठाऊक नसतं. त्याला एवढंच माहीत असतं, की अमुक वास आला की शांत बसायचं, आणि बसलं की आपला माणूस खूश होतो, चेंडू मिळतो, शाबासकी मिळते. स्फोटकांच्या कुत्र्याने भुंकायचं नसतं, पंजाने उकरायचं तर मुळीच नसतं. गपचूप बसणं हाच त्याचा इशारा. म्हणजे सगळा व्यवहार माणसाच्या खुशीवर बेतलेला आहे. ती खुशी कुत्रा वासातून मिळवतो. ती दुसऱ्या वाटेनेही मिळू शकते असं त्याला कळलं, तर?

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या लिसा लिट यांनी नेमका हाच प्रश्न विचारला. त्या स्वतः पूर्वी शोधकुत्र्याच्या हँडलर होत्या, त्यामुळे कुठे बोट ठेवायचं हे त्यांना बाहेरच्या माणसापेक्षा चांगलं ठाऊक होतं. २०११ साली त्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. या विषयावर मी जे काही वाचलं त्यात त्याच्याइतकं अस्वस्थ करणारं दुसरं काही नाही.

जागा होती एक चर्च. त्यातल्या चार खोल्या शोधायच्या. अमली पदार्थांचा किंवा स्फोटकांचा माग काढणाऱ्या अठरा जोड्या आल्या, प्रत्येक कुत्रा आपापल्या हँडलरबरोबर. हँडलरांना सांगितलं होतं, की खोल्यांत वासाचे नमुने लपवलेले असू शकतात आणि जिथे लाल कागद चिकटवलेला असेल तिथे नमुना आहे असं समजा. काही ठिकाणी गंमत म्हणून सॉसेजचे तुकडे आणि टेनिसचे चेंडू दडवले होते, कुत्र्याचं मन वळवायला. खरी गोष्ट अशी होती, की त्या चर्चमध्ये ना अमली पदार्थ होते, ना स्फोटकं. नमुना एकही नव्हता. प्रत्येक जोडीने आठ वेळा शोध घेतला. एकूण १४४ शोध, आणि त्या सगळ्यांचं बरोबर उत्तर एकच, ‘इथे काही नाही’.

इशारे किती मिळाले? दोनशे पंचवीस. एकही इशारा न देता पार पडलेले शोध फक्त २१.

आणि हे खोटे इशारे सॉसेजच्या आसपास गोळा झाले नव्हते. ते गोळा झाले होते लाल कागदापाशी. कागदाला वास नव्हता, कुत्र्याच्या लेखी त्याला अर्थही नव्हता. अर्थ होता तो माणसाच्या डोक्यात. मांसाच्या वासाने कुत्र्याला जेवढं ओढलं नाही तेवढं त्याला त्याच्या माणसाच्या समजुतीने ओढलं.

इथे घाई करून कुत्र्याला दोष देणं सोपं आहे. लिट यांनी ते केलं नाही. दोन शक्यता आहेत. एक, हँडलर कागदापाशी आला की त्याची चाल मंदावली, दोरी किंचित ताणली गेली, श्वास रोखला गेला, आणि कुत्र्याने ते वाचून बसून घेतलं. दुसरी, कुत्रा नुसता थबकला आणि हँडलरला ते बसणंच वाटलं. दोन्हींत कुणी लबाडी केलेली नाही. दोघंही आपलं काम इमानाने करत होते. मला वाटतं, याच्याइतकं भीतीदायक दुसरं काही नसतं. लबाडी असती तर पकडता आली असती.

ही गोष्ट नवीही नाही. १९०४ मध्ये बर्लिनमध्ये हान्स नावाचा एक घोडा टापा आपटून गणितं सोडवत असे. ऑस्कर फुंग्स्ट या तरुण अभ्यासकाने शोधून काढलं, की घोडा प्रश्न विचारणाऱ्याचं डोकं बघतो. बरोबर आकडा आला की माणसाची मान केसभर हलते, घोडा थांबतो. विशेष हे, की हे गुपित कळल्यावरही फुंग्स्टला स्वतःची मान स्थिर ठेवता आली नाही. घोड्याचं एवढं, तर पंधरा हजार वर्षं आपलीच तोंडं वाचत आलेल्या कुत्र्याचं काय सांगावं.

आणि कुत्रा तर तोंडावरच थांबत नाही.

बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात २०२२ साली छत्तीस माणसांना नऊ हजारांपासून सतरा-सतरा वजा करत उलटी मोजणी करायला लावली, तीही परीक्षकांसमोर, मोठ्याने. कुणालाही घाम फुटेल. गणिताआधीचा आणि नंतरचा त्यांचा घाम आणि श्वास कापडाच्या तुकड्यांवर घेतला आणि चार कुत्र्यांपुढे ठेवला. ही माणसं कुत्र्यांनी कधी बघितलेली नव्हती, आवाज ऐकलेला नव्हता. एकाच माणसाचे दोन वास, मध्ये अंतर काही मिनिटांचं. ताणानंतरचा वास कोणता, हे कुत्र्यांनी शंभरातल्या जवळपास चौऱ्याण्णव वेळा बरोबर ओळखलं.

म्हणजे ‘मी घाबरलेलो नाही’ असं तोंडाने कितीही म्हटलं तरी घाम वेगळं सांगतो, आणि तो ऐकणारा आपल्या गुडघ्याशी उभा असतो. चेहऱ्यावर हसू आणता येतं, आवाज मृदू करता येतो. घामाला समजावता येत नाही.

पुढचा प्रश्न ओघानेच येतो. ओळखलं, पण त्याने कुत्र्याच्या कामात काही फरक पडतो का? ब्रिस्टलच्या संशोधकांनी २०२४ मध्ये तो तपासला. अठरा कुत्र्यांना शिकवलं, की वाटी या बाजूला असेल तर त्यात खाऊ आहे आणि त्या बाजूला असेल तर रिकामी. मग वाटी मध्येच कुठेतरी ठेवायची. आशावादी कुत्रा धावत जातो, ‘असेलही काही’. अनोळखी माणसाच्या ताणाचा वास हुंगवल्यावर मात्र रिकाम्या बाजूच्या जवळच्या वाटीकडे जायला कुत्रे कचरू लागले. जागा संशयाची असेल तर तिथे जाण्यात अर्थ नाही, असा त्यांचा कल झाला.

हे वाचल्यावर मला तो फलाट आठवला. हजारो माणसं, सुटणाऱ्या गाड्या, हरवलेलं पोर, आरक्षण न मिळालेलं कुटुंब, परीक्षेला निघालेला मुलगा. सगळ्यांच्या ताणाचा वास त्या छपराखाली साठलेला. त्यातून एक कुत्रा एक वास शोधत चाललेला, आणि ज्या माणसाच्या आधारावर तो चालला आहे तो स्वतः रात्रपाळी करून आलेला असेल तर त्याचाही वास त्यात मिसळलेला. संशयाच्या जागी जायचं, हेच ज्याचं काम, त्याचं पाऊल तिथे अडखळलं तर आपण ते कुत्र्याच्या नावावर लिहिणार का?

ही गोष्ट एका पाळीपुरती नाही, एका दिवसापुरतीही नाही. स्वीडनच्या लिनशॉपिंग विद्यापीठात २०१९ साली अठ्ठावन्न कुत्रे आणि त्यांच्या मालकांचे केस तपासले. ताणाचं संप्रेरक, कॉर्टिसॉल, केसांत साठत जातं, त्यामुळे केसाच्या एका तुकड्यात मागच्या कित्येक महिन्यांची वही सापडते. ज्या माणसांच्या केसांत ते जास्त, त्यांच्या कुत्र्यांच्या केसांतही जास्त. कुत्र्याच्या स्वभावाचा त्यावर फारसा परिणाम दिसला नाही. माणसाच्या स्वभावाचा दिसला. आणि घरी नुसत्या पाळलेल्या कुत्र्यांपेक्षा स्पर्धांसाठी मालकाबरोबर रोज घाम गाळणाऱ्या कुत्र्यांत हा मेळ जास्त घट्ट होता. जेवढं काम एकत्र, तेवढा ताण एकत्र. त्याच गटाने पुढे एकट्याने शिकार करणाऱ्या आणि जुन्या वळणाच्या जातींवर पाहिलं तेव्हा असा मेळ सापडला नाही. मेंढपाळाच्या शिट्टीबरहुकूम चालण्यासाठी माणसाने घडवलेल्या जातींतच तो सापडला होता. आपण ज्याला जास्त कामाचा केला, तोच आपलं जास्त सोसतो.

न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांच्या ढिगाऱ्यात सप्टेंबर २००१ मध्ये सुमारे तीनशे कुत्रे राबले. जिवंत माणूस शोधायला शिकलेल्या त्या कुत्र्यांना दिवसच्या दिवस जिवंत कुणी सापडेना. हँडलर खचले, आणि त्यांच्याबरोबर कुत्रेही मलूल झाले. मग हँडलर आपल्यातल्याच एकाला ढिगाऱ्यात लपवायचे, कुत्र्याला सोडायचे आणि त्याने ‘शोधलं’ की जल्लोष करायचे. कुत्र्याला उभारी यावी म्हणून हे केलं जायचं असं सांगतात. मला वाटतं ती उभारी दोघांनाही लागत होती. कुत्र्याला आनंदी करायचं तर माणसाला आधी खरोखर आनंदी व्हावं लागतं, नुसतं सोंग चालत नाही. आणि पाच मिनिटं का होईना, लपलेला सहकारी जिवंत बाहेर आला की ते लोक खरोखर हसत असणार.

आपल्याकडचं एक उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानात भूकंप झाला तेव्हा राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, म्हणजे एनडीआरएफ, आपले लॅब्रॅडॉर घेऊन तिथे गेलं. नूरदागी गावात एका पडलेल्या इमारतीत ज्युली आत शिरली आणि एका जागी भुंकू लागली. पथकाने लगेच तिथे खणायला घेतलं नाही. दुसरा कुत्रा, रोमिओ, आत सोडला. तोही त्याच जागी भुंकला. मग काम सुरू झालं आणि सहा वर्षांची एक मुलगी जिवंत बाहेर आली.

बातम्यांत ज्युलीचं खूप कौतुक झालं, ते व्हायलाच हवं होतं. मला मात्र रोमिओला आत सोडणाऱ्या माणसाचं कौतुक वाटतं. आपली ज्युली भुंकली आहे, पोटात आशा उसळली आहे, बाहेर नातेवाईक उभे आहेत. अशा वेळी ‘थांबा, दुसऱ्याला विचारू’ म्हणायला मोठा संयम लागतो. पहिल्या कुत्र्याने आपल्या आशेला उत्तर दिलं की ढिगाऱ्याखालच्या श्वासाला, हे ठरवण्याचा हाच एक भरवशाचा मार्ग आहे. दुसरं नाक.

आपल्या न्यायालयांना हा पेच फार आधी दिसला होता. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात, रेल्वेगाडी घसरवल्याच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली माग काढणाऱ्या कुत्र्याच्या पुराव्यावर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांचा विचार केला. कुत्रा साक्षीला उभा राहू शकत नाही. त्याच्या वतीने त्याचा माणूस बोलतो, मग ती ऐकीव साक्ष ठरते. आणि माणसाचं स्वातंत्र्य कुत्र्याच्या अनुमानावर टांगावं का? २००१ च्या आणखी एका निकालात न्यायालय पुढे गेलं. चूक कुत्र्याची होऊ शकते तशी त्याच्या हँडलरचीही होऊ शकते, कुत्र्याच्या वागण्याचा अर्थ चुकीचा लावला जाऊ शकतो, असं त्यात म्हटलं आहे. तपासाला कुत्रा जरूर वापरा, शिक्षेचा भार त्याच्यावर टाकू नका, असा त्याचा रोख. चर्चमधला तो प्रयोग व्हायला तेव्हा दहा वर्षं होती.

गावाकडे अजूनही चोरी झाली की ‘कुत्रं आणा’ म्हणतात, आणि ते कुणाच्या दारात थांबलं की गाव निकाल देऊन मोकळं होतं. तिथे तर गर्दीतल्या प्रत्येकाच्या मनात आधीच एक नाव असतं. दोनशे माणसांचे डोळे एका घराकडे वळलेले असताना कुत्र्याने कुणाचं ऐकायचं?

कचेरीतल्या कुत्र्यांबद्दल थोडंच सांगतो, कारण तिथे कुणाचा जीव टांगणीला नसतो. उत्तर कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरो इथल्या एका चिनीमातीच्या भांड्यांच्या कंपनीत माणसं आपले कुत्रे कामावर आणत. तिथल्या अभ्यासात (२०१२) कुत्रा सोबत असलेल्यांचा ताण दिवसभरात उतरत गेला आणि इतरांचा चढत गेला असं दिसलं. मुंबईत फोर्टमधल्या बॉम्बे हाऊसचं, म्हणजे टाटा समूहाच्या मुख्यालयाचं, २०१८ मध्ये नूतनीकरण झालं तेव्हा रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी तळमजल्यावर वेगळी खोली केली गेली. तिथला ‘गोवा’ नावाचा कुत्रा ऑक्टोबर २०२४ मध्ये रतन टाटांच्या अंत्यदर्शनाला आणला होता, ते दृश्य अनेकांना आठवत असेल. माणसाला कुत्र्याचा आधार होतो हे खरंच आहे. मला फक्त उलट बाजू विचारावीशी वाटते. उतरलेला ताण गेला कुठे? आपला दिवस हलका झाला, त्याचा कसा गेला?

मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या छापखान्याच्या फाटकाशी मोती नावाचा एक गावठी कुत्रा असे. दिवाळी अंकांचे दिवस आले की तो जेवणाच्या सुट्टीत आमच्या पायांत घोटाळायचा बंद व्हायचा आणि मागे कागदाच्या गोदामात रिळांच्या आड जाऊन पडायचा. आम्ही म्हणायचो, मोतीला यंत्रांचा आवाज सोसत नाही. यंत्रं तर वर्षभर चालायची. एकदा एका फॉर्मची पानं उलटी छापली गेली. त्या रागात मी त्याच्यावर खेकसलो. तो कान पाडून, शेपटी पोटाशी घेऊन माझ्यापुढे असा बसला जणू चूक त्याचीच होती. न्यूयॉर्कच्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांचा २००९ चा प्रयोग मी कित्येक वर्षांनी वाचला. खाऊ चोरला नसतानाही मालक रागावला तर कुत्रा तो ‘अपराधी’ चेहरा करतो, आणि खाऊ चोरला असूनही मालक शांत राहिला तर करत नाही. त्या चेहऱ्याचा गुन्ह्याशी संबंध नसतो. तो आपल्या रागाला दिलेला जबाब असतो. मोतीने माझं तोंड वाचलं होतं आणि जे वाचलं त्याची शिक्षा स्वतः घेतली होती. मी त्याची कधी समजूत काढली नाही, हे मला आजही लागून राहिलं आहे.

यावर उपाय कुत्र्याला शिकवण्यात नाही. माणसाकडे बघू नकोस हे त्याला शिकवता येणारच नाही, आणि शिकवता आलं तरी मग तो कुत्रा उरणार नाही. उपाय माणसाच्या बाजूने करायचा आहे. सराव करताना नमुना कुठे लपवला आहे हे हँडलरला माहीत नसावं, आणि बरोबर आलेल्या मास्तरालाही नसावं. कधीकधी नमुना मुळीच नसावा, म्हणजे ‘काही नाही’ या उत्तरालाही शाबासकी मिळते हे दोघांनाही कळेल. महत्त्वाच्या जागी एकाच्या इशाऱ्यावर न थांबता दुसरा कुत्रा आणावा, दुसऱ्या हँडलरबरोबर. आणि हँडलरची झोप, रजा, घरची काळजी, वरिष्ठांची बोलणी, या गोष्टींना श्वान पथकाच्या खर्चात आणि वेळापत्रकात जागा हवी. कुत्र्याच्या खुराकाचा आणि औषधपाण्याचा हिशेब आपण ठेवतो. दोरीच्या दुसऱ्या टोकाला धरलेला माणूस काल किती तास झोपला, याचीही नोंद त्याच वहीत व्हायला हवी, कारण कुत्रा ती रोज घेतो.

राहिलो आपण, प्रवासी. ही जोडी पुन्हा फलाटावर दिसली तर कुत्र्याला हाक मारू नका, चुटकी वाजवू नका, बिस्किट पुढे करू नका. मुलांना त्याची भीती घालू नका. सामान जागेवर राहू द्या, दोन पावलं मागे सरा आणि वाट द्या. त्या फलाटावर त्याला फक्त एकाच माणसाचं तोंड वाचायचं आहे.